उजवा हात खाली करण्यास परवानगी मिळणेबाबत

बार्शीच्या तोडकरांच्या घरी टीव्ही गेममधलं एक भूत साडेअठ्ठावीस वर्षं उजवा हात वर करून उभं होतं, आणि मागच्या फेब्रुवारीत त्यानं हात खाली करण्याच्या परवानगीसाठी पोस्टानं अर्ज पाठवला.

अर्ज चारुशीला तोडकर हिच्या नावे होता. ती घरात एकटीच होती, पोस्टमननं पाकीट दारात दिलं. पाठवणाऱ्याचा पत्ता ‘आठवी खोली, बंगला’ एवढाच होता. आतल्या कागदावरची अक्षरं बारीक चौकोन एकाला एक जोडून काढल्यासारखी होती. तिनं तो ओट्याशी उभं राहून वाचला.

‘विषय: उजवा हात खाली करण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदया, मी आठव्या खोलीत भूत या पदावर कार्यरत आहे. दिनांक १४ ऑगस्ट १९९६ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी खेळाडू क्रमांक एक यांनी खेळ थांबवला. त्या वेळी मी पातेल्याचे झाकण उगारलेले होते. खेळ अद्याप सुरू झालेला नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. उजवा हात कामात असल्यामुळे अर्ज डाव्या हाताने लिहिला आहे. अक्षराबद्दल क्षमस्व.’

चारुशीला मधल्या खोलीत गेली. कोपऱ्यात जुना टीव्ही होता, त्यावर निळ्या फुलांचा कपडा टाकलेला होता. तिनं कपडा उचलला. पडद्यावर स्वयंपाकघर होतं आणि ओट्यामागं ते भूत झाकण उगारून उभं होतं. इतकी वर्षं ती त्याला रोज पाहत आली होती, पण तो हात आहे आणि तो दुखत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. दुखतोय का, असं तिनं त्याला विचारलं. खेळ थांबलेला असल्यामुळे ते उत्तर देऊ शकत नव्हतं. उत्तर पुढच्या मंगळवारी पोस्टानं आलं. ‘आपण तोंडी विचारलेल्या प्रश्नाबाबत कळविण्यात येते की, होय.’

चारुशीलाचा नवरा मुरलीधर तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला होता. मूळ अर्ज तिनं त्याला तो आला त्याच संध्याकाळी दाखवला होता. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचला. मजकूर बरोबर आहे, असं तो म्हणाला, पण अर्जावर तारीख नव्हती. त्यानं मागच्या बाजूला ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ असं लिहून तो आल्या पत्त्यावर पाठवून दिला. नवव्या दिवशी अर्ज तारखेसह परत आला. भुताचं काम चोख आहे, असं मुरलीधरचं मत तेव्हापासून झालं.

तो टीव्ही गेम घरात आला त्याचं कारण साधं होतं. पंच्याण्णवच्या दिवाळीत एका दुकानाच्या लकी ड्रॉमध्ये मुरलीधरला मिक्सर हवा होता आणि टीव्ही गेम मिळाला. बरोबर एकच कॅसेट होती. तिच्यावरची अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती, चित्र बंगल्याचं होतं, म्हणून घरात त्या खेळाला बंगला म्हणू लागले. मुरलीधरनं तो दोन दिवस खेळून सोडून दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाई झोपल्यावर, चारुशीला आणि तिची नणंद वैजयंती टीव्हीसमोर बसल्या. चारुशीला तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिला या घरात येऊन वर्ष झालं होतं. वैजयंती बावीसची होती, टायपिंगच्या परीक्षा देऊन नोकरीचे अर्ज भरत होती.

बंगला एकट्यानं खेळता येत नसे. एका खेळाडूकडे दिवा होता आणि दुसऱ्याकडे झाडू. दिवा धरला तरच भूत दिसायचं, आणि दिवा धरणाऱ्याला मारता येत नसे. झाडूवाल्याला मारता यायचं, पण अंधारात काही दिसायचं नाही. एक मेला की दुसराही मरायचा. भुतं भीतीदायक होती, पण वेंधळी होती. पहिल्या खोलीतलं स्वतःच्याच साखळीत पाय अडकून पडायचं. तिसऱ्या खोलीतलं शिंकलं की त्याचं मुंडकं निसटून पलंगाखाली जायचं आणि ते चाचपडत शोधत बसायचं. वैजयंती दिवा धरायची, चारुशीला झाडू मारायची. सुरुवातीला दोघी ओरडायच्या, मग सासूबाई उठू नयेत म्हणून तोंडात पदर आणि ओढणी कोंबून खेळायला शिकल्या. आठ-नऊ महिन्यांत त्या सातव्या खोलीपर्यंत पोचल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला आठव्या खोलीत शिरल्या.

आठवी खोली निघेना. एक झाकण बसलं की दोघी मरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या खोलीपासून यावं लागायचं. चौदा तारखेला वैजयंतीला पाणी प्यायला उठायचं होतं म्हणून तिनं पॉजचं बटण दाबलं. उठताना तिचा धक्का लागून कॅसेटचं खोकं टीव्हीमागं पडलं. ते काढायला तिनं हात घातला तर खोक्याबरोबर एक पाकीट आलं. टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी सोलापूरला मुलाखतीला बोलावल्याचं ते पत्र होतं. मुलाखत सहा तारखेला होऊन गेली होती.

वैजयंतीनं पत्र वाचलं आणि वहिनीकडे पाहिलं. चारुशीलानं मान खाली घातली, त्यावरून पत्र तिनंच तिथं ठेवलं होतं हे वैजयंतीला समजलं. ती माजघरात निघून गेली आणि पुन्हा कधी टीव्हीसमोर बसली नाही. पुढच्या मार्गशीर्षात तिचं लग्न झालं आणि ती हळदे यांच्या घरी लातूरला गेली. तिथं तिनं एसटीडी बूथ चालवलं. बूथची गरज संपल्यावर त्याच जागेत झेरॉक्सचं यंत्र आणलं, आणि आता ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. लग्नकार्यात नणंद-भावजय एका फोटोत उभ्या राहायच्या. बोलणं मात्र मध्ये कुणीतरी ठेवून व्हायचं. सासूबाईंच्या तेराव्याला वैजयंतीनं शेजारच्या बाईला सांगितलं की, आमटीत मीठ कमी आहे असं त्यांना सांगा. चारुशीला तिथं हाताच्या अंतरावर वाढत होती.

टीव्ही चारुशीलानं बंद होऊ दिला नाही. बंद केला की खेळ पहिल्यापासून सुरू होतो, एवढंच कारण तिनं सांगितलं आणि मुरलीधरला ते पटलं. बातम्यांसाठी त्यांनी पुढच्या खोलीत दुसरा टीव्ही घेतला. वीज जायची तेव्हा पडदा काळा व्हायचा. वीज आली की मात्र आठवी खोलीच परत दिसायची आणि भूत होतं तिथंच असायचं.

अर्जाची तारीख जुळल्यावर मुरलीधरनं प्रकरण हातात घेतलं. खेळ सुरू करण्याचं बटण फक्त पहिल्या रिमोटला होतं आणि तो रिमोट घरातच होता, तेव्हा चारुशीलानं ते दाबावं असं त्यानं सुचवलं. आपण दोन हजार तीन साली एकदा दाबून पाहिलं होतं आणि काही झालं नव्हतं, हे तिनं पहिल्यांदाच कबूल केलं. भुताकडे खुलासा मागवण्यात आला. ‘ज्यांनी थांबवले त्यांनीच सुरू करावे, असा नियम आहे,’ असं उत्तर आलं. नियम योग्य आहे, असं मुरलीधर म्हणाला. ज्यानं सील लावलं त्यानंच ते काढायचं असतं.

त्यानं बहिणीला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या टीव्हीचं नाव माझ्यापाशी काढू नकोस, असं सांगितलं. मग चारुशीलानं स्वतः पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडल्यावर पाचव्यांदा टाकलं. त्याला उत्तर आलं नाही. हे सगळं ती दुपारी टीव्हीसमोर बसून भुताला सांगत होती. मार्चच्या शेवटी भुतानं थेट वैजयंतीला अर्ज केला आणि रीतीप्रमाणे एक प्रत माहितीसाठी चारुशीलाला पाठवली.

त्यात हाताबद्दल थोडंच होतं. पुढं लिहिलं होतं, ‘वस्तुस्थिती अशी आहे की, दररोज दुपारी दोन वाजता पडद्यावरील कपडा उचलला जातो. काच पुसली जाते. खेळाडू क्रमांक दोन समोर बसतात. दुसरा रिमोट त्यांच्या मांडीवर असतो आणि पहिला रिमोट शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलेला असतो. पंधरा मिनिटांनी कपडा पुन्हा टाकला जातो. आजारपण आणि परगावचे दिवस वगळता यात खंड पडलेला नाही. सदर बाब खेळाडू क्रमांक दोन यांनी कोणास सांगितलेली नाही. मला समोरून दिसते म्हणून नमूद करीत आहे.’

चारुशीलाला ते वाचून राग आला. आपल्या घरातली गोष्ट भुतानं बाहेर कळवायला नको होती, असं तिला वाटलं. दोन दिवस तिनं कपडा उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिचा राग गेला. उघडं पडल्यावर येतो तसा हलकेपणा तिला वाटायला लागला होता, पण तो तिनं कुणाला सांगितला नाही.

वैजयंती एप्रिलमध्ये एका गुरुवारी सकाळच्या गाडीनं आली. तिच्याजवळ स्वतःची पाण्याची बाटली होती. दुकान एकच दिवस बंद ठेवलंय आणि साडेचारच्या गाडीनं परत जायचंय, हे तिनं चप्पल काढतानाच दादाला सांगितलं. चहा तिनं नको म्हटला. मधल्या खोलीत जाऊन ती टीव्हीसमोर सतरंजीवर बसली, डाव्या बाजूला, जिथं ती पूर्वी बसायची. चारुशीला उजवीकडे बसली. मुरलीधर खुर्ची घेऊन मागं बसला आणि त्यानं वहीत वेळ लिहिली, एक वाजून वीस मिनिटं.

रिमोटचं रबर कडक झालं होतं. वैजयंतीनं अंगठ्यानं जोर देऊन बटण दाबलं.

पहिल्यांदा काहीच हललं नाही. नंतर एक सूर आला आणि लांबत राहिला. पाच-सात मिनिटांनी दुसरा आला. चारुशीलानं तो ओळखला. बंगल्याचंच संगीत होतं ते, फार हळू वाजत होतं. मुरलीधर उठून पडद्याजवळ गेला, त्यानं भुताच्या हातापाशी काचेवर स्केचपेननं खूण केली आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं. हात केसभर खाली आला होता. मागच्या वर्षी आपला खांदा आखडला होता त्याची आठवण त्यानं सांगितली. वर राहिलेला हात एकदम खाली आणायचा नसतो, असं डॉक्टर म्हणाले होते. या हिशेबानं हात पुरता खाली यायला साडेपाच वाजतील, असा त्याचा अंदाज होता.

वैजयंतीला अडचण अशी झाली की दिव्याचं बटण सोडता येत नव्हतं. दिवा गेला असता तर झाकण कुठं पडणार ते दिसलं नसतं, दोघी मेल्या असत्या आणि भुताला पुन्हा हात वर करावा लागला असता. आपली गाडी चुकणार हे तिला दोन वाजताच कळलं. रिमोट ठेवून निघून जाणंही तिच्या हातात होतं. ती बसून राहिली.

चारुशीलाला झाडू शेवटीच मारायचा होता, त्यामुळे तिचे हात मोकळे होते. अडीचला तिनं वैजयंतीच्या तोंडाला बाटली लावली. पाणी वैजयंती प्यायली. तीन वाजता चारुशीला स्वयंपाकघरातून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन आली. वैजयंतीनं मान हलवली. साडेतीनला चारुशीलानं भाकरीचा तुकडा मोडून चटणी लावून तिच्या तोंडापुढं धरला तेव्हा भूक लागलेली असल्यामुळे तिनं तो खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मुरलीधर वही मिटून बाहेर गेला.

चौथी भाकरी अर्धी झाल्यावर वैजयंतीनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “पत्र तुम्ही उघडलं होतंत का?”

“नाही. पाकिटावर टेलिफोन खात्याचा शिक्का होता, त्यावरून कळलं.”

“मग फाडून का नाही टाकलंत? मला कधी समजलंही नसतं.”

“फाडायचं नव्हतं. तुला द्यायचं होतं.”

“कधी?”

चारुशीलानं ताट बाजूला सरकवलं. ती म्हणाली, “रोज ठरवायचे, ही खोली संपली की देऊ. तू गेलीस तर या घरात मी कुणाशी बोलणार, असं वाटायचं. खोली काही संपेना.”

त्यानंतर एक आख्खा सूर वाजून संपला. वैजयंती म्हणाली, “सोलापूर काही लांब नव्हतं वहिनी. मी दर रविवारी आले असते.”

“हे मला माहीत नव्हतं.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

चारुशीला रडली. वैजयंतीला रिमोट सोडून तिच्याकडे वळता येत नव्हतं, आणि सोडता आला असता तरी ती वळली असती की नाही हे सांगता येत नाही. तिनं दिवा थोडा उजवीकडे नेला, कारण भुताचा हात आता उजवीकडे झुकायला लागला होता. साडेचारची गाडी गेली.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी झाकण ओट्याला टेकलं. ते दोघींच्या मधून गेलं, दोघी वाचल्या. हात खाली आल्यावर भुतानं मान खाली घातली. हा त्या खोलीचा नियमच होता. वार चुकला की भूत पाच सेकंद मान खाली घालून उभं राहायचं आणि तेवढ्यात त्याला झाडू मारावा लागायचा. त्या दिवशीच्या वेगानं ते पाच सेकंद बरेच लांबणार होते.

चारुशीलाचा अंगठा बटणावर होता. तिनं तो दाबला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. भुताच्या खांद्यावरची चौकोनी सावली जरा सैल झाल्यासारखी दिसत होती. ते वाट पाहत होतं.

“मारलं की खोली संपेल,” चारुशीला म्हणाली.

“हो.”

“मग तू जाशील.”

“जाईनच,” वैजयंती म्हणाली. “मारलं नाहीत तरी जाईन. त्याला किती वेळ असं उभं करणार आहात?”

चारुशीलानं बटण दाबलं. झाडू आपल्या नेहमीच्या वेगानं उठला आणि भुताच्या डोक्यावर बसला. भुताचं मुंडकं निसटून फरशीवर पडलं आणि ओट्याखाली गेलं. भूत वाकलं, त्यानं चाचपून ते शोधून काढलं आणि काखेत धरलं. ते आता झपाझप हलत होतं. दारापाशी पोचल्यावर ते क्षणभर थांबलं आणि उजव्या हातानं दार उघडून निघून गेलं. संगीत पूर्वीच्या वेगानं वाजू लागलं.

वैजयंतीनं अंगठा चोळला. पुढची गाडी सातला होती आणि नववी खोली दोघींनीही कधी पाहिली नव्हती, म्हणून त्या आत गेल्या. ते न्हाणीघर होतं. बंबामागून एक ठेंगणं, लख्ख ताजंतवानं भूत निघालं, त्याच्या हातात उकळत्या पाण्याचा तांब्या होता, आणि त्यानं अर्ध्या मिनिटात दोघींना मारलं. पडदा काळा झाला. साडेअठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा वीज असताना त्यावर काहीच नव्हतं. चारुशीला उठायला लागली.

“बसा,” वैजयंती म्हणाली. “पहिल्यापासून लावू.”

ती त्या दिवशी मुक्कामाला राहिली. दुकान शुक्रवारीही बंद राहिलं. आता ती एक आड एक गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. पत्राचा विषय तिनं पुन्हा काढलेला नाही. माफ केलं, असंही ती कधी म्हणालेली नाही आणि चारुशीलानं तसं विचारलेलं नाही. मीठ कमी असलं की ती सरळ वहिनीला सांगते. दुपारी आता तोंडात पदर कोंबावा लागत नाही, त्यामुळे त्या ओरडतात आणि शेजारी कधीकधी डोकावून जातात.

मुरलीधरनं भुताच्या नावे रीतसर कार्यमुक्तीचा आदेश तयार केला, त्यात त्याच्या सेवेबद्दल दोन चांगली वाक्यं लिहिली आणि तो आठव्या खोलीच्या पत्त्यावर पाठवला. पंधरा दिवसांनी पाकीट न उघडता परत आलं. त्यावर ‘पत्ता न देता निघून गेले’ असा शेरा होता. मुरलीधरनं ते फायलीला लावलं.

जूनच्या दुसऱ्या गुरुवारी दोघी पुन्हा आठव्या खोलीपर्यंत पोचल्या. तिथं कुणी नव्हतं. पद भरलं गेलेलं नाही, आणि ते कुणी भरायचं असतं हे मुरलीधरलाही माहीत नाही. वैजयंतीनं दिवा चारही कोपऱ्यांत फिरवला. चारुशीला झाडू घेऊन मध्ये उभी राहिली. पुढचं दार उघडंच होतं, तरी त्या लगेच निघाल्या नाहीत. आजही त्या खोलीत पोचल्या की त्या जरा वेळ तशाच उभ्या राहतात आणि मग पुढं जातात.